खिशांतील खुर्दा : धाराशिवकडील एका पितळी डब्याच्या निमित्तानें

नाणेसंग्रहाची हौस नव्यानें लागलेला मनुष्य आमच्याकडे येतो तेव्हां बहुधा एकच प्रश्न विचारतो : प्रारंभ कोणत्या नाण्यापासून करावा? त्याच्या मनांत सातवाहनांचें शिशाचें नाणें, शिवराई किंवा एखादा होन असतो. आम्ही त्यास सांगतों कीं, आज बाजारांतून परततांना तुमच्या खिशांत जो खुर्दा उरला असेल तो घरीं गेल्यावर ताटांत ओता व तेथूनच प्रारंभ करा. हें उत्तर ऐकून पुष्कळांचा विरस होतो. कांहींना ती थट्टा वाटते. परंतु आम्ही थट्टा करीत नाहीं. हें मत आम्हांस कसें बनवावें लागलें व त्याचा आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासाशीं काय संबंध पोंचतो, तें या लेखांत मांडण्याचा विचार आहे.

या त्रैमासिकाचे वाचक मुख्यतः जुने कागद व हस्तलिखितें यांत वावरणारे. एखाद्या पोथीची पुष्पिका फाडून टाकून केवळ चित्रांचीं पानें जपणाऱ्या संग्राहकास आपण काय म्हणतों, हें त्यांस सांगावयास नको. दफ्तरांतील रुमाल सोडून त्यांतील कागद आकारमानाप्रमाणें लावणाऱ्या कारकुनाची गोष्टहि त्यांच्या परिचयाची आहे. नाण्यांच्या बाबतींत मात्र हाच अपराध आपण निर्धास्तपणें करतों, आणि त्यास "वर्गीकरण" असें नांव देतों. आम्हीं स्वतः तो केलेला आहे. तेव्हां आधीं आपल्या घरचेंच सांगतों.

आमच्या घरचा डबा

आमच्या आजोबांचें धाराशिवहून बार्शीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका गांवीं किराण्याचें दुकान होतें. दुकान उठून गेल्यावर त्यांच्याजवळ एक पितळी डबा राहिला. त्यांत जुन्या धोतराच्या चिंध्यांत बांधलेल्या नऊ पुरचुंड्या होत्या व प्रत्येकींत नाण्यांबरोबर एक मोडी चिठी होती. इ. स. १९६४ च्या सुमारास, म्हणजे आम्ही दहा-अकरा वर्षांचे असतांना, दिवाळीच्या झाडलोटींत हा डबा आमच्या हातीं आला. मोडी आम्हांस तेव्हां वाचतां येत नव्हती. चांदीचीं एकीकडे, तांब्याचीं दुसरीकडे, भोकाचीं तिसरीकडे असे आम्हीं सुंदर ढीग लावले. काळीं पडलेलीं होतीं तीं चिंच व राख लावून लखलखीत केलीं. चिंध्या व चिठ्या चुलींत गेल्या.

संध्याकाळीं आजोबा आले. ते ढिगांकडे पाहत उभे राहिले आणि एवढेंच म्हणाले, "चिठ्या कुठं टाकल्यास रे?" आम्हीं चुलीकडे बोट दाखविलें. ते रागावले नाहींत. परंतु त्यानंतर त्यांनीं तो डबा आमच्या देखत पुन्हां उघडला नाहीं. कोणत्या पुरचुंडींत काय होतें व तें कां वेगळें ठेवलें होतें, हें त्यांना विचारण्याइतकी समज आम्हांस येण्यापूर्वींच ते गेले.

नवांपैकीं एक पुरचुंडी मात्र वांचली, कारण तिची गांठ आमच्या बोटांनीं सुटेना. पुढें मोडीचा अभ्यास झाल्यावर आम्हीं ती जपून सोडली. आंत हैदराबादचीं तीन नाणीं निघालीं : एक चार आण्यांचें व दोन भोकाचे दोन-पैचे नग. त्यांतील सर्वांत अलीकडचें साल हिजरी १३६५, म्हणजे इ. स. १९४५-४६ हें आहे. चिठीवर आजोबांच्या हातचा मजकूर एका ओळीचा : "बार्शीस चाललें नाहीं. नग ३. परत."

बाजारभावानें या तिन्ही नाण्यांस फारशी किंमत नाहीं. अशीं नाणीं मराठवाड्यांत घरोघरीं सांपडतात. आमच्या डब्यांतील चकचकीत चांदीचे रुपये त्यांहून मोलाचे ठरतील. पण ते रुपये मुके आहेत, आणि हीं तीन नाणीं बोलतात. तीं काय बोलतात हें समजण्यास या भागांतील चलनाची हकीकत थोडी पाहिली पाहिजे.

हाली आणि कळदार

धाराशिव जिल्हा हा इ. स. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यांत, म्हणजे इंग्रजी मुलखांत. दोहोंमध्यें मोठी नदी नाहीं. शेताच्या बांधासारखी ती सरहद्द. पण बांधाच्या अलीकडे एक रुपया चाले व पलीकडे दुसरा. निजामाचा तो हाली, इंग्रजांचा तो कळदार. "हाली" म्हणजे सध्यां चालू असलेला. "कळदार" म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. हैदराबादच्या टांकसाळींतहि १८९५ पासून यंत्रें आलीं, तरी लोकांच्या तोंडीं कळदार हा शब्द इंग्रजी रुपयासच चिकटून राहिला.

१८५७ पर्यंत निजामाचीं नाणीं दिल्लीच्या बादशहाच्या नांवानें पडत. बादशाही संपल्यावर तीं आसफजाहाच्या नांवानें पडूं लागलीं. पुढें नाण्यावर चारमिनार आला व मधल्या कमानींत राज्यकर्त्याचें आद्याक्षर आलें. मीर महबूब अलीखानाच्या नाण्यावर "मीम" आणि १९११ त गादीवर आलेल्या मीर उस्मान अलीखानाच्या नाण्यावर "ऐन". याच उस्मान अलीखानाच्या नांवावरून धाराशिव शहरास उस्मानाबाद हें नांव पडलें. २०२३ सालीं शहराचें व जिल्ह्याचें जुनें नांव सरकारी रीतीनें परत आलें. म्हणजे कमानींतील त्या एका अक्षरांत आमच्या जिल्ह्याच्या नांवाचा सुमारें शंभर वर्षांचा इतिहास आहे.

नवख्यास येथें एक इशारा दिला पाहिजे. याच नाण्यांवर फारसी अंकांत "९२" असा आंकडा येतो. तो साल समजून पुष्कळजण फसतात. तो साल नसून अबजद पद्धतीनें "मुहम्मद" या नांवाच्या अक्षरांची बेरीज आहे : मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४. साल निराळें व चार अंकी असून तें हिजरी असतें. हैदराबादी कागदांत वापरला जाणारा फसली सन येथें लावूं नये.

हाली व कळदार यांचा सरकारी भाव सातास सहा असा होता. शंभर कळदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत. हा भाव मनास येईल तसा ठरलेला नव्हता, हें तराजूवर पाहतां येतें. जुन्या चारमिनारी रुपयाचें वजन सुमारें ११.१८ ग्रॅम असून त्यांत शुद्ध चांदी हजारीं ८१८, म्हणजे सुमारें ९.१४ ग्रॅम असते. १९४० पूर्वींच्या कळदार रुपयाचें वजन ११.६६ ग्रॅम व त्यांत चांदी सुमारें १०.६९ ग्रॅम. सात हालींची चांदी सुमारें ६४ ग्रॅम होते आणि सहा कळदारांचीहि तेवढीच होते. ज्यांच्या संग्रहांत मराठवाड्यांतील कर्जरोखे व खरेदीखतें आहेत त्यांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. साडेतीनशें रुपये हालीचा रोखा हा तीनशें कळदारांचाच असतो. "हाली" हा शब्द नकलेंत गाळला तर मूळ रकमेचा सहावा हिस्सा वाचकाच्या डोळ्यांदेखत वाढतो. पेशवाई कागदांत चांदवडी, अंकुशी, मलकापुरी अशी रुपयाची जात व तिजवरील बट्टा कां लिहीत, हेंहि यावरून उमजेल.

बार्शी ही मोठी पेठ. १८९७ त बार्शी लाइट रेल्वे तेथें पोंचली व १९११ पर्यंत ती लातुरास गेली. तीच गाडी इंग्रजी मुलखांतून निजामाच्या मुलखांत जाई. मोठ्या रकमेच्या व्यवहारांत सराफ मध्यें बसून सातास सहा हा भाव लावीत. परंतु दोन पैचा भोकाचा नग घेऊन सराफाकडे कोण जाणार? खुर्द्याला बट्टा लावीत बसणें कोणासच परवडत नाहीं. म्हणून रुपया सरहद्द ओलांडी व पैसा परत येई. आजोबांची एका ओळीची चिठी हेंच सांगते. ती या नाण्यांच्या सालानंतरची, म्हणजे १९४५-४६ च्या पूर्वींची नव्हे, आणि हालीचें चलन आटोपण्यापूर्वींची आहे, एवढी तिची काळमर्यादा नाण्यांवरूनच निघते. नाण्यानें चिठीस काळ दिला व चिठीनें नाण्यास अर्थ दिला. यांतील एक जळालें असतें तर दुसरें निकामी होतें. अशीं आठ उत्तरें आमच्या हातून चुलींत गेलीं.

जोगळटेंभीचा दाखला

आमचा अपराध मुलाचा होता; परंतु मोठे लोकहि तो करतात. उलटपक्षीं तो टाळला म्हणजे काय हातीं लागतें याचा महाराष्ट्रांतील सर्वांत बोलका दाखला जोगळटेंभीचा आहे. १९०६ सालीं नाशिकजवळ या गांवीं क्षहरात क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा सांठा सांपडला. तो फुटून सराफांच्या मुशींत जाण्यापूर्वीं त्याचा बराच मोठा भाग पाहतां आला व रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनीं त्यांतील नाणीं निवडून मोजलीं. तीं तेरा हजारांहून अधिक भरलीं. आणि त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला शिक्का पुन्हां मारलेला आढळला.

यांतील एखादें नाणें सुटें हातीं आलें असतें तर काय झालें असतें? दोन शिक्के एकावर एक बसल्यामुळें दोहोंतील कोणताच धड दिसत नाहीं. हौशी संग्राहकानें तें खराब म्हणून बाजूस सारलें असतें व चांगल्यांतील चांगलीं आठ-दहा वेंचून घेतलीं असतीं. परंतु सर्व एकत्र मोजल्यामुळें त्या "खराब" नाण्यांनींच सिद्ध केलें कीं, नहपानाचें चलन त्या प्रदेशांत पसरलेलें असतांना सातवाहनांनीं तो प्रदेश जिंकला आणि तेंच चलन आपल्या नांवानें पुढें चालविलें. येथें पुरावा एका नाण्याचा नसून प्रमाणाचा आहे. वेंचण्यापूर्वीं मोजलें, म्हणून प्रमाण कळलें.

तेरचें शेत

आमच्या जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर तेर डोळ्यांपुढें येतें. गोरोबाकाकांचें हें गांव म्हणजेच प्राचीन तगर. पेरिप्लसच्या कर्त्यानें पैठणापासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ज्या मोठ्या नगराचा उल्लेख केला आहे तें हेंच, असें फ्लीट यांनीं १९०१ त दाखविलें. तेरच्या पांढरीच्या मातींतून पावसानंतर मणी, मृण्मूर्ति व नाणीं वर येतात. गांवांतीलच रामलिंगप्पा लामतुरे यांनीं हें सर्व चिकाटीनें गोळा केलें. त्यांच्या संग्रहावर उभें असलेलें शासकीय वस्तुसंग्रहालय आज त्यांचेंच नांव धारण करतें. त्यांनीं तें गोळा केलें नसतें तर त्यांतील बराच भाग गांवोगांव पांगला असता, हें उपकारपूर्वक सांगितलें पाहिजे.

तेरला जाणाऱ्या नव्या संग्राहकास मात्र आमचें सांगणें असें कीं, शेतांत नाणें दिसलें म्हणजे तें उचलण्याची घाई करूं नये. शेत कोणतें, पांढरीच्या कोणत्या अंगास, शेजारीं खापरें कोणत्या जातीचीं, हें टिपून ठेवण्याची सवय ज्यास नाहीं, त्याच्या हातांत तें नाणें गेलें काय आणि मातींत राहिलें काय, इतिहासास सारखेंच. शिवाय १८७८ च्या निखात-निधीच्या कायद्याप्रमाणें जमिनींत सांपडलेल्या दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणें भाग आहे. आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांवरील नाणें ही पुरावस्तु असून ती परदेशीं पाठवितां येत नाहीं. म्हणजे शेतांत शिकाऊपणा करणें अयोग्यच नव्हे, तर धोक्याचेंहि आहे. ज्या विद्येंत पहिली चूक भरून निघत नाहीं, ती विद्या अशा वस्तूवर शिकावी कीं जिच्यावरील चूक कोणास बाधणार नाहीं. अशी वस्तु म्हणजे खिशांतील खुर्दा.

सांप्रतच्या खुर्द्यांत काय पाहावें

हा खुर्दा वाटतो तितका एकजिनसी नाहीं. प्रथम टांकसाळीची खूण पाहावी. ती सालाच्या खालीं असते. चौकोनी हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा, आणि कांहींच नसेल तर कोलकाता. नोएडाची टांकसाळ १९८८ पासूनची आहे, म्हणून टिंब त्यापूर्वींच्या नाण्यावर मिळणार नाहीं. खुणेची जागाहि पाहावी. १९८५ च्या पन्नास पैशांच्या कांहीं नाण्यांवर तारा आहे, परंतु तो सालाच्या पहिल्या अंकाखालीं असून तीं नाणीं दक्षिण कोरियांत पाडलेलीं आहेत. तीं हैदराबादचीं समजूं नयेत. त्याच सालच्या कांहीं रुपयांवर इंग्रजी "एच्" अक्षर असून ते बर्मिंगहॅमच्या हीटन यांच्या टांकसाळीचे आहेत. १९९९ व २००० या सालच्या पांच रुपयांच्या कांहीं नाण्यांवर मॉस्कोची तीन अक्षरी खूण दिसते. घरच्या टांकसाळींस मागणी पुरवितां येईना, तेव्हां परदेशांत नाणीं पाडून घेतलीं गेलीं. ही सरकारी अडचणीची हकीकत त्या बारीक अक्षरांत नमूद झालेली आहे.

ताऱ्याच्या खुणेकडे आमच्या जिल्ह्यांतील माणसानें विशेष आपुलकीनें पाहावें. ही टांकसाळ निजाम सिकंदरजाहाच्या कारकीर्दींत १८०३ त स्थापन झाली, १९०३ त सैफाबादेस गेली, १९५० त भारत सरकारकडे आली व १९९७ त चेर्लापल्लीस हलली. ज्या टांकसाळीनें हाली रुपया पाडला तीच आज ताऱ्याचा रुपया पाडते. आणि कळदार जेथें पाडला जाई त्या मुंबईच्या टांकसाळीचा हिरा त्याच्या शेजारीं खिशांत पडतो. आतां त्यांच्यामध्यें बट्टा नाहीं. तुळजापूरच्या देवळापुढें, नळदुर्ग व उमरग्यावरून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर, परंड्याच्या आठवड्याच्या बाजारांत या दोन खुणा कोणत्या प्रमाणांत मिळतात, पश्चिमेच्या परंड्यांत हिरे अधिक व पूर्वेच्या उमरग्यांत तारे अधिक असें कांहीं निघतें काय, हा मोजून सोडविण्याजोगा प्रश्न आहे. त्यास पैसा लागत नाहीं, प्रवासहि फारसा लागत नाहीं. लागतो तो सचोटीचा हिशेब.

दुसरी गोष्ट धातूची. १९९२ ते २००४ पर्यंतचें भारताच्या नकाशाचें अकरा कोनी दोन रुपयांचें नाणें तांबें-निकेलचें असून तें लोहचुंबकास लागत नाहीं. त्यानंतरचें पोलादी नाणें लागतें. पांच रुपयांचें नाणें २००९ पासून पिवळ्या निकेल-पितळेचें झालें. तिसरी गोष्ट प्रसंगाची. १९९० च्या रुपयावर डॉ. आंबेडकर, १९९९ च्या रुपयावर ज्ञानेश्वर, त्याच सालच्या दोन रुपयांवर शिवछत्रपति व २००२ च्या दोन रुपयांवर तुकाराम आहेत. हीं नाणीं मिळालीं म्हणजे आनंद होतो व तो व्हावाच. परंतु तेवढींच वेंचून बाकीचीं फेकण्याचा मोह येथेंच प्रथम होतो व येथेंच तो आवरावयास शिकलें पाहिजे.

चौथी गोष्ट मागें गेलेल्या नाण्यांची. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पैसा सुरू झाला व १९६४ पर्यंत त्यास "नया पैसा" म्हणत. पंचवीस पैसे व त्याखालील नाणीं ३० जून २०११ पासून बंद झालीं. घरांतील देव्हाऱ्याखालीं, पेटीच्या कप्प्यांत व फडताळाच्या डब्यांत तीं अद्याप आहेत. तींहि खिशांतील खुर्द्याचींच भावंडें समजावीं.

निवडण्याची रीत

आम्ही पाळतों ती रीत थोडक्यांत सांगतों. खुर्दा ओतण्यापूर्वीं वही उघडावी. तारीख, गांव, बाजाराचा वार, आणि पैसे कोणाकडून आले, भाजीवालीकडून कीं बसच्या वाहकाकडून, हें आधीं लिहावें. मग सर्व नाणीं मोजून एकूण संख्या लिहावी. त्यानंतर किंमत, साल व खूण यांप्रमाणें लावून प्रत्येकाची संख्या लिहावी. झीज तीन प्रतींत नोंदावी : अक्षरें तीक्ष्ण, अक्षरें बोथट, अक्षरें बोटास लागत नाहींत अशीं. हें सर्व झाल्यावरच ठेवावयाचें तें नाणें बाजूस काढावें व बाकीचीं पुन्हां खर्चावीं. पहिल्या दिवशीं जें सामान्य म्हणून आपण नोंदणार नाहीं तेंच वीस वर्षांनीं कोणी तरी विचारणार आहे.

ठेवलेलें नाणें घासूं नये. चिंच, राख, लिंबू व दांतवण यांनीं आजवर चोरांपेक्षां अधिक नाणीं घालविलीं आहेत. नाण्यावरचा काळा थर हें त्याचें वय आहे. नाणें कडेस धरावें, आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटांत घालावें व पाकिटावर पेन्सिलीनें वहीतील अनुक्रमांक लिहावा. पाकीट व वही यांचा संबंध तुटला कीं संग्रह संपला. मग उरतो तो केवळ धातु.

नाकारलेलें नाणें

आतां आजोबांच्या चिठीकडे परत येतों. गेल्या कांहीं वर्षांत अनेक बाजारांत दहा रुपयांचें नाणें दुकानदार घेत नाहींत असा अनुभव लोकांस आला. नकली असल्याची अफवा उठली. एका नाण्यावर रुपयाची नवी खूण, दुसऱ्यावर ती नाहीं, म्हणून लोक संशयांत पडले. जानेवारी १९१८ नव्हे, तर जानेवारी २०१८ मध्यें रिझर्व्ह बँकेस पत्रक काढून सांगावें लागलें कीं, दहा रुपयांच्या नाण्याचे चौदाहि नमुने कायदेशीर आहेत. हें वाचतांना आम्हांस "बार्शीस चाललें नाहीं" हे शब्द आठवले. तेथें राज्य वेगळें होतें. येथें राज्य एक, टांकसाळी सरकारी, आणि तरीहि नाणें परत आलें.

शंभर वर्षांनीं दहा रुपयांचें हें नाणें एखाद्या संग्रहांत असेल. त्यावर साल असेल, खूण असेल, धातु तपासतां येईल. परंतु तें एके काळीं अमुक बाजारांत कोणी घेतलें नाहीं, ही गोष्ट त्याच्या अंगावर कोठेंच कोरलेली नसेल. नाणें कोणीं पाडलें हें नाणें सांगतें. तें लोकांनीं मानलें कीं नाहीं, हें चिठीच सांगते. आणि चलनाचा इतिहास म्हणजे अर्धाअधिक या मानण्याचाच इतिहास आहे. आज दाम भ्रमणध्वनीवरून देण्याची रीत धाराशिवच्या भाजीबाजारांतहि रुळली आहे. खुर्दा हातोहात फिरणें कमी होत आहे. जो मोजावयाचा तो आतांच मोजला पाहिजे.

म्हणून नव्या संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं दुर्मिळ नाण्याच्या मागें लागण्यापूर्वीं एक वर्ष आपल्या गांवचा खुर्दा वरील रीतीनें नोंदावा. आणि ज्यांच्या घरीं वडीलधाऱ्यांचा डबा असेल त्यांनीं तो उघडण्यापूर्वीं त्या वडीलधाऱ्यांस जवळ बसवावें, प्रत्येक पुरचुंडीस क्रमांक द्यावा आणि चिंधीसुद्धां टाकूं नये. आमच्या आठ पुरचुंड्यांचा इतिहास आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं. नववीची गांठ मुलाच्या बोटांस सुटली नाहीं, एवढ्या योगायोगावर तीन नग वांचले. ते आम्हीं त्याच चिंधींत, त्याच चिठीसह पुन्हां बांधून ठेवले आहेत. सोबत एक नवी चिठी घातली आहे. तीवर गांठ कोणीं व केव्हां सोडली तें लिहिलें आहे.